टाके आतून आहेत

मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता मल्हारी गव्हाणे डोक्यातल्या गाठीवर उपचार करून घेऊन मुंबईहून नाशिकला परतले, आणि गाडीतून उतरून, हातात स्वतःची बॅग घेऊन, स्वतःच्या पायांनी चालत सोसायटीच्या गेटमधून आत आले. सगळं बिघडलं ते इथेच.

माणूस बरा होऊन घरी आला, त्यात बिघडण्यासारखं काय, असं कुणीही विचारील. पण येणं कसं दिसतं हे जाणं कसं झालं यावर ठरतं, आणि मल्हारराव गेले होते ते परत न येण्याच्या तयारीने. शनिवारी सकाळी इंदिरानगरातल्या त्या चार मजली सोसायटीच्या पार्किंगमध्ये अठरा माणसं जमली होती. सेक्रेटरी ललित कोठावदे यांनी हार आणला होता. मग अशा प्रसंगी हार घालतात की नाही याचा अंदाज न आल्याने तो त्यांनी शेवटपर्यंत पाठीमागेच धरून ठेवला. दुसऱ्या मजल्यावरच्या चतुराबाईंनी अंगारा लावला. मल्हाररावांनी एकेकापुढे हात जोडले. कोठावद्यांशी त्यांचं पार्किंगच्या जागेवरून तीन वर्षं भांडण होतं. त्यांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "ती जागा तुमचीच. मला आता कशाला हवीय." कोठावद्यांनी डोळे पुसले आणि संध्याकाळी तिथे आपली गाडी आणून लावली.

गाठ होती डाव्या कानाच्या आतल्या बाजूला, ऐकण्याच्या नसेवर. साधी गाठ, कॅन्सरची नव्हे. डॉक्टर म्हणाले होते, द्राक्षाएवढी आहे. नाशिकच्या माणसाला द्राक्षाएवढी म्हणून भागत नाही. मल्हाररावांचा मेव्हणा दीपक याची दिंडोरीला बाग आहे. त्याने फोनवर विचारलं, "किती एमएम?" मल्हारराव म्हणाले, सतरा. "म्हणजे एक्स्पोर्टचा माल आहे भाऊजी," दीपक म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने घाईघाईने पावसाचा विषय काढला.

उपचाराला म्हणतात गॅमा नाइफ. डॉक्टरांनी समोर कागद घेऊन, चित्र काढून सांगितलं होतं की नाइफ हे नुसतं नाव आहे. सुरी नाही, कापणं नाही, टाके नाहीत. डोक्याला एक चौकट बसवायची, यंत्रात झोपायचं, बाहेरून किरणं सोडायची आणि दुसऱ्या दिवशी घरी जायचं. मल्हाररावांचा डावा कान अधू असला तरी उजवा उत्तम आहे आणि त्या दिवशी डॉक्टर उजवीकडेच बसले होते. तेव्हा ऐकू आलं नाही असं म्हणायला जागा नव्हती. पण त्याच्या आधीच ते ऑफिसात "ब्रेनचं ऑपरेशन आहे" असं सांगून बसले होते आणि अठ्ठावीस वर्षांत ज्यांनी कधी 'बसा' म्हटलं नाही त्या साहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली होती. त्या खुर्चीत बसल्यावर, "नाही हो, तसं काही विशेष नाही," असं कोण म्हणेल? मल्हारराव खोटं बोलले नाहीत. खरं सांगायचं तेवढं राहून गेलं, आणि ते रोज थोडं थोडं राहत गेलं.

यातलं सगळं एक वेळ चाललं असतं. न चालणारी गोष्ट होती शुक्रवारी संध्याकाळचा फोन. मल्हाररावांचे थोरले भाऊ कोंडाजी घोटीला असतात, भाताची गिरणी चालवतात. सात वर्षांपूर्वी सायलीच्या, म्हणजे मल्हाररावांच्या मुलीच्या, लग्नाच्या पत्रिकेत कोंडाजींचं नाव 'निमंत्रक' या शब्दाखाली न येता खाली बारीक अक्षरांत, दोन मावस मेव्हण्यांच्या मध्ये आलं. कोंडाजी लग्नाला आले नाहीत. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. प्रेसवाल्याची चूक होती असं मल्हारराव सगळ्यांना सांगत. प्रूफ त्यांनी स्वतः तपासलं होतं.

तर शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी फोन लावला आणि म्हणाले, "दादा, सोमवारी डोक्याचं ऑपरेशन आहे. काय होईल सांगता येत नाही. चुकलं असेल तर माफ कर." पलीकडून एक म्हातारा माणूस रडत असल्याचा आवाज आला. सात वर्षं एका मिनिटात संपली. फोन ठेवल्यावर मोहिनीबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "अहो, डोक्याचं ऑपरेशन कुठे आहे?" मल्हारराव म्हणाले, "त्यांना गॅमा-बिमा काय कळणार."

येताना गाडी घोटीच्या टोलनाक्यावर थांबली तेव्हा मल्हारराव सीटवर खाली सरकून बसले. ड्रायव्हरने विचारलं, साहेबांना चक्कर येतेय का? मोहिनीबाई म्हणाल्या, "नाही. त्यांचं गाव आलंय."

सोसायटीच्या गेटपाशी कोठावदे चाकांची खुर्ची घेऊन उभे होते. ज्येष्ठ नागरिक संघातून त्यांनी ती मुद्दाम आणवली होती. मल्हारराव बॅग घेऊन चालत आलेले पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला आनंद म्हणणं अवघड होतं.

"चालता येतंय मला," मल्हारराव ओशाळून म्हणाले.

"बसा हो," कोठावदे म्हणाले. "आणलीय आता."

मल्हारराव बसले. आयुष्यात पुष्कळशा गोष्टी माणूस अशाच करतो, समोरच्याने आणलीय म्हणून. कोठावद्यांनी त्यांना लिफ्टपर्यंत ढकलत नेलं. वाटेत गॅलऱ्यांतून बायका वाकून पाहत होत्या. चौकटीचे खिळे जिथे टेकवले होते तिथे हॉस्पिटलने डोक्याभोवती एक पट्टी बांधून दिली होती, ती दुसऱ्या दिवशी काढायची होती. चतुराबाई लिफ्टपाशी वाट पाहत होत्या. त्यांनी ती पट्टी पाहिली, तोंडाला पदर लावला आणि विचारलं, "टाके किती पडले?"

लिफ्टचं दार उघडं होतं. मोहिनीबाई बॅगा घेऊन मागे राहिल्या होत्या. मल्हाररावांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "आतून आहेत."

बुधवारी सकाळी मोहिनीबाईंनी पट्टी सोडली. कपाळावर दोन आणि मागे दोन, असे चार लाल ठिपके होते. त्यांनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "आंघोळ करून घ्या. डोक्यावरून पाणी घेतलं तरी चालतं म्हणालेत."

मल्हारराव आरशासमोर बराच वेळ उभे होते. ठिपक्यांकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहिलं. उजेडात पाहिलं, दिवा बंद करून पाहिलं. त्यात काही भर पडेना. या चार ठिपक्यांसाठी अठरा माणसं पार्किंगमध्ये जमली होती. गुरुवारी दादा येणार होता. मोहिनीबाईंनी फोनवर त्याला सांगितलं होतं की उपचार नीट झाले, हे घरी आले, काळजी करू नका. पण त्याचं म्हणणं पडलं होतं की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी मानायचो नाही. आता त्याच्या डोळ्यांना दाखवायला हे एवढंच होतं.

मल्हाररावांनी टोपी घातली, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि सहा इंची क्रेप बँडेजचे दोन रोल घेऊन आले. ते बांधायला मोहिनीबाईंनी साफ नकार दिला. "डॉक्टरांनी काढायला सांगितलंय. तुम्हाला बांधायचं असेल तर तुम्ही बांधा." मग ते आरशात पाहून त्यांनी स्वतःच बांधलं. आरशात डावं उजवं होतं आणि क्रेप बँडेज ताणलं की उसळतं, त्यामुळे तिसऱ्या प्रयत्नात जे काही तयार झालं ते एखाद्या लग्नातल्या, वरातीला उशिरा पोचलेल्या फेट्यासारखं दिसत होतं.

दुपारपासून माणसं येऊ लागली. चतुराबाईंनी पायाचं सूप आणलं आणि सांगितलं की वाकायचं नाही, शिंकायचं नाही, टाके आतून असले की शिंकेने सुटतात. त्यानंतर तासाभराने मल्हाररावांना खरोखर शिंक आली तेव्हा त्यांनी ती चार माणसांदेखत दाबली, डोळ्यांत पाणी आलं, आणि चारही जणांना वाटलं की वेदना आहेत. कोठावद्यांची काळजी वेगळी होती. किरणांचा विषय त्यांनी मोबाईलवर वाचला होता. "तुमच्यातून आता बाहेर काही येत नाही ना?" त्यांनी दारातूनच विचारलं. "नाही म्हणजे, आमच्या सूनबाईंना सातवा महिना आहे. गैरसमज नको." मोहिनीबाई म्हणाल्या, "किरणं मशीनमध्येच राहतात हो. यांच्यातून नुसतं बोलणं बाहेर येतं." तरीही संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली की पुढील आठ दिवस श्री. गव्हाणे यांनी लिफ्ट एकट्याने वापरावी, शुभेच्छांसह.

हे सगळं एका बाजूला. त्याच संध्याकाळी ऑफिसातून स्नेहलचा फोन आला. ही मुलगी मल्हाररावांच्याच हाताखाली आस्थापना शाखेत आहे, हुशार आहे, आणि तिला काम त्यांनीच शिकवलंय.

"सर, तब्येत कशी आहे? तुमच्या पंचेचाळीस दिवसांच्या रजेचा फॉर्म भरतेय. एकच रकाना राहिलाय."

"कोणता?"

"जखमेची लांबी. सेंटिमीटरमध्ये."

मल्हाररावांचा हात बँडेजवर गेला.

"तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डवर कुठे दिसत नाहीय सर. उलट असं लिहिलंय की पेशंट चालतोय, एक आठवड्यानंतर नेहमीचं काम करू शकतो. मग मी शून्य टाकू का? पण शून्य टाकलं की रजा सात दिवसांच्या वर जात नाही."

"हा रकाना कशाला आहे पण?" मल्हारराव चिडून म्हणाले. "डोक्याच्या आजारात लांबी काय मोजायची?"

"सर, हा तुम्हीच वाढवलाय," स्नेहल अगदी साधेपणाने म्हणाली. "शिपाई देवरामकाकांच्या हर्नियाच्या वेळी. फाइलला तुमची टिप्पणी आहे."

ती टिप्पणी मल्हाररावांना आठवत होती. देवराम पेठकडचा, मुकाट माणूस. ऑपरेशन होऊन वीस दिवसांनी हजर झाला तेव्हा कागदावर जखमेचं वर्णन अपुरं आहे म्हणून मल्हाररावांनी त्याला टेबलापुढे उभं केलं होतं, सदरा वर करायला लावला होता आणि ड्रॉवरमधली फूटपट्टी काढून मोजलं होतं. साडेसात सेंटिमीटर. शाखेतली सगळी माणसं बघत होती. देवराम भिंतीकडे बघत होता. मल्हाररावांना तेव्हा वाटलं होतं की आपण नियमाने काम केलं. आता बँडेजच्या आत त्यांचे कान गरम झाले.

"शून्य टाक," ते म्हणाले. "सातच दिवस मांड. आणि देवराम आहे का तिथे?"

"घरी गेले सर. काही निरोप आहे?"

"नको. मीच बोलेन त्याच्याशी."

इथे मल्हारराव सुधारले असते तर गुरुवारचा प्रसंग टळला असता. रात्री जेवताना मोहिनीबाई म्हणाल्यासुद्धा, "उद्या दादा येतील त्याआधी ते डोक्याचं सोडा." मल्हारराव म्हणाले, "उद्याच्या दिवस राहू दे. तो रडला होता गं फोनवर. त्याला काय दाखवू?"

गुरुवारी अकरा वाजता खाली जीप थांबली. कोंडाजी, त्यांची बायको भागीबाई आणि गावातली पाच माणसं इंद्रायणी तांदळाचं पोतं घेऊन वर आली. मागोमाग कोठावदे आणि चतुराबाईही आल्या, कारण पेशंटचे गावाकडचे लोक आले की शेजाऱ्यांनी जायचं असतं. मल्हारराव पलंगावर उशीला टेकून बसले होते, बँडेज डाव्या भुवईवर उतरलेलं होतं. कोंडाजी सत्तरीचे, उंच, वाळलेले. ते दारातच थांबले. सात वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. मग ते पुढे आले, पलंगाच्या कडेला बसले आणि धाकट्या भावाच्या पावलावर हात ठेवून नुसते बसून राहिले. थोरल्याने धाकट्याच्या पायाला हात लावलेला कुणी पाहिलाय? मल्हाररावांना पाय ओढून घ्यावासा वाटला, पण तेवढंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, आणि हे मात्र नाटक नव्हतं.

"लय दुखतं का रं?" कोंडाजींनी विचारलं.

मल्हाररावांनी मान हलवली. ती हो होती की नाही हे त्यांनाही कळलं नाही. भागीबाई मात्र बँडेजकडेच बघत होत्या. त्यांनी जन्मभर गुरं सांभाळलीत, जखमा बांधल्यात.

"ह्ये कुणी बांधलं, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "म्हशीच्या पायाला आम्ही यापरीस बरं बांधतो. गळ्यात येईल की आता. थांबा, नीट करून देते."

"नको वहिनी, डॉक्टरांनी हात लावायचा नाही सांगितलंय."

"डॉक्टर हाय का हितं?" असं म्हणून त्यांनी टोक शोधलंसुद्धा. क्रेप बँडेज लांब असतं. दोन रोल तर फारच लांब. भागीबाई हलक्या हाताने उलगडत राहिल्या, बँडेज त्यांच्या मांडीवर साठत राहिलं आणि खोलीतली बाकीची माणसं श्वास धरून बघत राहिली. स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन मोहिनीबाई उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

शेवटचा वेढा निघाला. केस थोडे चपटे झालेले होते. खाली दुसरं काही नव्हतं.

भागीबाईंनी केसांतून बोटं फिरवली, मागचे ठिपके शोधले, कपाळावरचे दोन पाहिले. खपल्याही धरल्या होत्या. "हितं तर काहीच नाय," त्या हळूच म्हणाल्या.

"टाके आतून आहेत," चतुराबाईंनी घाईने खुलासा केला.

मग सगळ्यांनी मल्हाररावांकडे पाहिलं. आता खरं सांगण्याखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं. सुरी लागली नाही. टाके आतून नाहीत, बाहेरून नाहीत. यंत्रात पाऊण तास झोपलो, त्यांनी कानाला गाणी लावून दिली होती, दुसऱ्या दिवशी नाश्ता करून निघालो.

"पण गाठ तरी काढली ना?" कोठावद्यांनी विचारलं. "बाटलीत घालून देतात."

"नाही. ती आतच आहे. ती वाढायची थांबेल म्हणालेत. सहा महिन्यांनी फोटो काढायचा."

"म्हणजे फाडलं नाही, टाके नाहीत, गाठ जागच्या जागी आहे," कोठावद्यांनी बोटांवर मोजलं. त्यांचा आवाज फसवल्या गेलेल्या माणसाचा होता. "मग तुम्ही गेला कशाला होतात?"

चतुराबाई म्हणाल्या की त्यांचा गॅस चालू राहिलाय. कोठावदेही उठले, पण दारापर्यंत जाऊन थांबले आणि म्हणाले की ती खुर्ची संघाला आजच परत करावी लागेल, गरजू लोक असतात. गावाकडची माणसं पोत्याकडे बघत बसली. मोहिनीबाईंनी त्यांना बाहेर चहाला बोलावलं आणि भागीबाईंनाही हाताला धरून नेलं.

खोलीत दोघं भाऊ राहिले.

"म्हंजी तू मरणार नव्हता," कोंडाजी म्हणाले.

"नाही."

"आन् फोन केला तवा तुला ठावं व्हतं."

मल्हाररावांनी चादरीच्या चौकड्या मोजायला सुरुवात केली. "हो," ते म्हणाले. "मोघम नाही. पक्कं ठाऊक होतं."

"आन् माफी मागितली ती?"

"ती खरी होती दादा. पत्रिकेचं प्रूफ मीच पाहिलं होतं. तुझं नाव खाली गेलेलं दिसलं होतं मला. सायलीच्या सासरची माणसं मोठी, म्हणून वर माझ्या ऑफिसातल्या साहेबांचं नाव राहू दिलं. प्रेसवाल्याचा काही दोष नव्हता. नुसतं हे सांगायला फोन करायची लाज वाटत होती. ऑपरेशन आहे म्हटल्यावर जमलं."

कोंडाजी उठून खिडकीशी गेले. खाली त्यांची जीप उभी होती. मल्हाररावांना वाटलं, आता हा हाक मारून सगळ्यांना उठवणार आणि जाणार, आणि ह्या खेपेला सात वर्षांनीही येणार नाही.

"तुझा फोन आला तवा मी रडलो," खिडकीतून बाहेर बघतच कोंडाजी म्हणाले. "ते लोकांनी पाह्यलं. पण त्याआधी मनात काय आलं ते कुणाला सांगितलं नाय. पह्यलं मनात आलं, बरं झालं, हा आधी वाकला. सख्खा भाऊ मराया निघाला आन् मला असं वाटलं. मंग रडू आलं ते त्याचंच आलं. तुझं नाय."

दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांना एकमेकांची तोंडं बघायची लाज वाटत होती, म्हणून एक बाहेर बघत होता आणि दुसरा खाली. खाली बघत असल्यामुळेच मल्हाररावांना भावाचे पाय दिसले. मघापासून दिसायला हवे होते. पाय अनवाणी होते, घरात आलेल्या माणसाचे असतात तसे नव्हेत. टाचा तडकल्या होत्या, अंगठ्यापाशी फोड येऊन फुटला होता आणि त्यावर रस्त्यावरचं डांबर चिकटलं होतं.

"चपला कुठे आहेत तुझ्या?"

"शुक्रवारपासून सोडल्यात," कोंडाजी म्हणाले. "तू घरला येशील तवाच घालीन म्हटलं. उन्हाची जरा भाजली पावलं."

"मी मंगळवारी आलो."

"डोळ्यांनी कुठं पाह्यलं व्हतं?"

मल्हारराव पलंगावरून उतरले. आपल्या चपला त्यांनी पुढे केल्या, पण कोंडाजींचं पाऊल थोरलं, त्यात मावेना. तेव्हा दोघं तसेच खाली गेले. मल्हारराव बोडक्या डोक्याने आणि कोंडाजी अनवाणी, जिन्यावरून, कारण लिफ्ट गव्हाण्यांना एकट्याने वापरायची होती. पार्किंगमध्ये कोठावदे खुर्ची पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही आणि मल्हाररावांनीही त्यांना तसदी दिली नाही.

कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानात कोंडाजी बाकावर बसले. दुकानदाराने जोड पुढे ठेवला आणि त्यांचे पाय पाहून तो जरा मागे सरला. मग मल्हारराव स्वतःच खाली गुडघ्यांवर बसले. फोडाला लागू नये असा अंगठा धरून त्यांनी चप्पल चढवायला घेतली. त्यांना वर बघवत नव्हतं.

"मल्हारी," वरून कोंडाजी म्हणाले, "पुढच्या टायमाला काय झालं तर आधी डॉक्टरला नीट इचारून घे, काय करणार, कसं करणार. मंग मला फोन कर."

"हो."

कोंडाजींनी थोडा विचार केला.

"नको," ते म्हणाले. "तू आधी फोनच कर."

मल्हाररावांनी मान हलवली. चप्पल टाचेपाशी अडली होती. दुकानदार म्हणाला, एक नंबर मोठी आणतो.